वाजणारा टॅपेट बरा



पिकावर काही दिसले की आधी पान उलटून पाहा, मग एखादे झाड मुळासकट उपटून पाहा आणि त्यानंतरच दुकानाची पायरी चढा, असे सांगत मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षे तुमच्या बांधांवरून फिरतो आहे. पान पिवळे पडायला कारणे अनेक. कुठे पाणी जास्त झालेले असते, कुठे नत्र कमी पडलेले असते, कुठे मुळाला हुमणी लागलेली असते. वरून रंग एकच, पण इलाज वेगळे. हे मी सभांतून इतक्या वेळा बोललो आहे की झोपेतही बोलेन. आणि तरीसुद्धा २०१९ साली आमच्या दारातल्या एका जुन्या मोटारसायकलच्या बाबतीत मी नेमका ह्याच्या उलट वागलो. पैशाचे नुकसान थोडक्यात टळले, पण एका भल्या माणसाला जे बोललो ते परत घेता आले नाही. ती हकीकत आज तुम्हाला सांगतो. तिच्यात इंजिनाची माहिती आहे, ती तुमच्या उपयोगी पडेल. बाकीचे माझ्या पदरी राहू द्या.

आमचे घर माण तालुक्यात. धाकट्या भावाचा मुलगा तेव्हा चार म्हशींचे दूध रोज पहाटे संकलन केंद्रावर पोचवीत असे. केंद्र आठ किलोमीटरवर, आणि वाटेत एक चढ. त्याला गाडी हवी होती, आणि नवी घेण्याची ऐपत नव्हती. फलटण तालुक्यातल्या एका गावचे एक वृद्ध शेतकरी माझ्या ओळखीचे. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्याकडे २००७ सालची स्प्लेंडर होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे त्यांनी गाडी चालवणे सोडले होते. अठरा हजारांत व्यवहार ठरला. आर.सी. पाहिली, नाव बदलण्याच्या एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या आणि गाडी घरी आली. पहिल्याच आठवड्यात मी तिचे तेल बदलून घेतले, चेन आवळून घेतली आणि अशीच बारीकसारीक कामे रस्त्यावरच्या एका गॅरेजात उरकून घेतली.

महिना-सव्वा महिना बरा गेला. मग पुतण्या कुरकुरू लागला. पहाटे गार असताना गाडी दोनचार किकांत चालू व्हायची, पण केंद्रावर कॅन उतरवून परत निघायचे म्हटले की काही केल्या चालू होईना. अर्धा तास उभी राहून निवली, की पुन्हा चालू! चढावर भरलेले कॅन घेऊन ती अशी दम टाकी, की पोराने उतरून ढकलावे. पेट्रोल जास्त पिऊ लागली. किक तर इतकी हलकी झाली, की हाताने दाबली तरी खाली जाई. दोन दिवस केंद्र बंद झाल्यावर हा पोचला आणि दूध परत आले. भावजयीने त्याचा खवा केला, पण खव्यावर पेंडीचे पैसे निघत नाहीत.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने गाडीला दोन किका मारल्या आणि निकाल दिला, "बोअर गेलाय साहेब. कॉम्प्रेशन नाही. बोअर, पिस्टन, रिंगा, सगळं बदलावं लागेल. साडेपाच हजार धरा." त्याने काहीही उघडले नव्हते, काही मोजले नव्हते. पण मी विश्वास ठेवला. कारण काय, तर आपल्याला फसवले गेले असे मनाने एकदा घेतले, की माणसाला पुरावा लागत नाही.

पुतण्याला मागे बसवले, मोगराळे घाट उतरून आबांच्या दारात गेलो आणि उभ्याउभ्याच बोललो, "आबा, इंजिन गेलेलं माहीत असताना गाडी दिलीत. ओळखीच्या माणसाला तरी असं करायचं नव्हतं." आबांची मालकीण दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच थबकली. आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, ह्याच गाडीवर आम्ही दोघं दर चैत्रात शिखर शिंगणापूरला जात होतो. इंजिन खराब असतं तर सांगूनच दिली असती. पैसे घरात आहेत. गाडी इथं लावा आणि पैसे घेऊन जा." मी ऐटीत म्हटले, "पैसे नकोत, कामाचं बिल पाठवतो." तांब्यातले पाणीसुद्धा न पिता निघालो.

परतताना घाटाच्या पायथ्याशी गाडी बंद पडली ती पडलीच. शेवटी एका टेम्पोवाल्याने दया दाखवली आणि गाडी उलटी फलटणला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे आणून टाकली. मी म्हटले, "बोअर गेलाय, उघडा." मिस्त्रींनी पाना हातात घेतला नाही. म्हणाले, "उघडल्यावर सगळंच बदलावंसं वाटतं, साहेब. आधी बघू या."

पुढे त्यांनी जे केले ते क्रमाने सांगतो. पण त्याआधी कॉम्प्रेशन म्हणजे काय ते समजून घ्या. तुमच्या घरी पाठीवरचा फवारणी पंप आहेच. दांडा मारला की आत दाब तयार होतो. वॉशर झिजला, आतला व्हॉल्व्ह नीट बसेना, किंवा झाकणाचे रबर फाटले, की कितीही दांडा मारा, फवारा उडत नाही. इंजिनाचेही असेच आहे. पिस्टन खाली जाताना पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन वर येताना ते दाबले जाते, ह्या जातीच्या इंजिनात साधारण नवव्या हिश्शाएवढ्या जागेत. मग ठिणगी पडते, भडका होतो आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. चौथ्या फेरीत धूर बाहेर जातो. दाबताना मिश्रण निसटले, तर भडक्यात जोर राहत नाही. निसटायला वाटा मुख्यतः तीन. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे पंपाचा वॉशर. इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे पंपातला व्हॉल्व्ह. आणि हेडचे गॅस्केट, म्हणजे झाकणाचे रबर. लक्षण तिन्हींचे एकच, किक हलकी. आणि आमच्या गॅरेजवाल्याने त्यावरून थेट वॉशर बदलायला सांगितला होता.

मिस्त्रींनी पहिल्याने बाहेरच्या गोष्टी पाहिल्या. प्लग काढून ठिणगी पाहिली, पेट्रोल येते का पाहिले, एअर फिल्टर झटकला. क्लचची केबलही पाहिली. ते का? तर बऱ्याच गाड्यांत किकचा जोर क्लचमधून इंजिनाकडे जातो. क्लच घसरत असला तरी किक हलकी लागते आणि बोअरला उगाच दोष येतो. ते सगळे ठीक होते. मग त्यांनी सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवले. निळा धूर आणि तेलकट काजळी असेल तर तेल वर चढते आहे, म्हणजे संशय रिंगांवर किंवा व्हॉल्व्हच्या सीलवर. आमची काजळी कोरडी होती. तेलाच्या पट्टीवर तेलही पुरेसे होते.

दुसरी पायरी गेजची. प्लगच्या जागी दाब मोजायचे गेज लावतात. इंजिन गरम असावे, प्लगचे टोपण प्लगसकट इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवावे म्हणजे कॉइलला धक्का बसत नाही, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरावा. हे शेवटचे फार जण विसरतात. अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवला तर हवा आतच जात नाही आणि चांगले इंजिनही खोटा कमी आकडा दाखवते. काटा चढायचा थांबेपर्यंत पाचसात दमदार किका माराव्या. अशा लहान चार स्ट्रोक इंजिनात चांगल्या हालतीत काटा साधारण दहा ते बारा किलो दर चौरस सेंटिमीटरपर्यंत चढतो. अचूक आकडा ज्या त्या गाडीच्या पुस्तकात असतो, तोच प्रमाण मानावा. आमचा काटा पाचावर थांबला. म्हणजे कॉम्प्रेशन कमी होते हे खरे. पण कुठून निसटते आहे, हे अजून ठरायचे होते.

तिसरी पायरी चमचाभर तेलाची. प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल आत सोडायचे, ते पसरण्यासाठी काही किका मारायच्या आणि पुन्हा गेज लावायचे. तेल रिंगांभोवतीची फट तात्पुरती भरते. काटा बराच वर चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. फारसा हलला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. मिस्त्रींनी इथे एक खोच सांगितली. स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो. तेल खालच्या बाजूला साचते आणि वरची फट कोरडीच राहू शकते. म्हणून अशा गाडीत एवढ्या एकाच परीक्षेवर फाशी देऊ नये. आमचा काटा पाचावरून साडेपाचावर गेला, एवढेच.

"आता निवू द्या," मिस्त्री म्हणाले. कारण चौथी पायरी टॅपेटची, आणि ती इंजिन गार असतानाच करायची असते. आम्ही भाकरी खाऊन आलो. दोनअडीच तासांनी त्यांनी टॅपेटची झाकणे काढली, मॅग्नेटवरची टी ही खूण समोरच्या खुणेशी जुळवली आणि फीलर गेजची सर्वांत पातळ पट्टी घेतली. ह्या इंजिनात टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये पाच शतांश मिलिमीटर फट ठेवतात. वहीच्या कागदाच्या जाडीच्या सुमारे निम्मी. इनलेटला पट्टी कशीबशी गेली. एक्झॉस्टला शिरेचना. त्यांनी मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरा फिरवून पुन्हा खात्री केली. कारण ती खूण दर फेऱ्याला जुळते, पण दोन फेऱ्यांतून एकदाच दोन्ही व्हॉल्व्ह खरे मिटलेले असतात. चुकीच्या फेऱ्याला मोजले तर चांगला टॅपेटही आवळलेला भासतो. इथे मात्र खरोखरच फट नव्हती.

फट नसली तर काय होते? इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी लांबते. पुढे जागा नसेल तर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही, केसाएवढा उघडा राहतो. म्हणून गाडी गार असताना चालू होते आणि गरम झाली की रुसते. पुतण्या महिनाभर हेच सांगत होता. मी ऐकले ते फक्त 'गाडी चालू होत नाही' एवढेच. आणखी एक गोष्ट. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची धग मुख्यतः बैठकीला टेकल्यावरच उतरते. तो टेकलाच नाही तर त्याची कड जळते, आणि मग हेड उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

मिस्त्रींनी मान वर न करता विचारले, "टॅपेट कुणी आवळले?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिले आणि मला आठवले. आबांची गाडी चालू असताना शिवणयंत्रासारखी बारीक टकटक करायची. मला तो आवाज आवडला नव्हता. त्या पहिल्या आठवड्यातल्या बारीकसारीक कामांत मीच गॅरेजातल्या पोराला म्हटले होते, "ही टकटक तेवढी बंद कर." त्याने बिचाऱ्याने साहेबांचा हुकूम पाळला. आवाज बंद झाला तेव्हा मी खूशही झालो होतो.

"वाजणारा टॅपेट बरा, साहेब," मिस्त्री म्हणाले. "तो वाजून सांगतो तरी. मुका झाला की समजा, व्हॉल्व्ह जळायला लागला." पुढे त्यांनी सांगितले की कोणी हात लावला नाही तरी, वापराने व्हॉल्व्ह बैठकीत रुतत जातो आणि फट आपोआप कमी होते. म्हणून जुन्या गाडीचा आवाज एकाएकी गोड झाला तर आनंद मानू नये, झाकण उघडून फट पाहावी. अर्थात फार मोठा खडखडाटही चांगला नव्हे. तो रॉकरची झीज किंवा टायमिंग चेनचा ढिलेपणा असू शकतो.

फट नीट लावली, गाडी थोडी फिरवून गरम केली आणि पुन्हा गेज लावले. काटा साडेनवावर गेला. मिस्त्री म्हणाले, चालवून पाहा, आणखी उतरला तर व्हॉल्व्ह घासून बसवू. त्यांनी शंभर रुपये घेतले आणि चहा स्वतःच्या पैशांचा पाजला. त्या संध्याकाळी आम्ही दोघे एकाच गाडीवर घाट चढून घरी आलो. ती कुठे अडली नाही.

टॅपेट ठीक असूनही दाब येत नसेल तर काय करावे, तेही सांगून ठेवतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा प्लगच्या भोकातून जपून सोडायची असते. त्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आणि पिस्टन अगदी वर असावा लागतो. हवेने पिस्टन ढकलला जाऊन किक उसळू शकते, म्हणून हे काम जाणत्याकडूनच करून घ्या. मग कान द्यायचा. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आली तर इनलेट, तेल भरायच्या भोकातून जोराने आली तर रिंगा किंवा बोअर. हेडच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे आले तर गॅस्केट. थोडीशी हवा रिंगांमधून सगळ्याच इंजिनांत जाते, त्याला भिऊ नये.

ज्यांच्या घरी अजून राजदूत किंवा येझदी आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. त्या दोन स्ट्रोकच्या गाड्या, त्यांना व्हॉल्व्ह आणि टॅपेट नाहीतच. तिथे संशय रिंगा, बोअर आणि हेड गॅस्केटवर घ्यावा, आणि शिवाय क्रँकच्या सीलवर, कारण त्यांत मिश्रण आधी पिस्टनच्या खाली दाबले जाते. आपल्याकडे १९८५ साली सीडी १०० आणि १९९४ साली स्प्लेंडर आली, तशी चार स्ट्रोकची गाडी घरोघर झाली आणि त्यांबरोबर टॅपेटही आले. मात्र ते गार इंजिनावर पट्टी लावून तपासण्याची सवय आपण पुरती लावून घेतली नाही. कानाने लावलेला टॅपेट पुष्कळदा कानालाच बरा वाटतो.

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा मालकाला आधी सांगा, "गाडी गार ठेवा, मी आल्यावर चालू करू." गार इंजिनावर किक मारा, मग चारपाच किलोमीटर चालवून बंद करा आणि लगेच पुन्हा चालू करा. चढावर दोन माणसे बसवून पाहा. किकला प्रत्येक वेळी मध्येच ठाम अडसर लागला पाहिजे. गेज आता फार महाग मिळत नाही. गावातल्या चार घरांनी मिळून एक घेतले तरी पुरते. आणि दुरुस्तीचा मोठा आकडा कोणी सांगितला तर एवढेच विचारा, "मोजून पाहिलंत का?"

आता राहिले आबा. खरे तर त्याच संध्याकाळी फलटणहून त्यांच्याकडे वळायला हवे होते. पण पाय वळले नाहीत. जायला मला आठ दिवस लागले. बांधावर शेतकऱ्याची चूक दाखवताना जीभ कशी चुरूचुरू चालते, आणि स्वतःची सांगायची तर घशात काटा अडकतो.

शेवटी एका रविवारी गेलो. आबा ओसरीवर बसले होते. त्यांना माझा चेहरा काही दिसला नसावा. मी गाडी अंगणात आणली, बंद करायला हात घातला, तर त्यांनी हात वर केला. म्हणाले, "राहू द्या. चालू राहू द्या जरा." कान देऊन ऐकत राहिले. मग मालकिणीला हाक मारली, "अगं, ऐकलंस का? तशीच वाजतीय."

मी जे सांगायचे ते सांगितले. टॅपेट मीच आवळून घेतला होता, हेही सांगितले. आबा म्हणाले, "चालायचंच, साहेब. दुधाचं आता कसं काय?" एवढेच. त्यांनी मला ना टोचले, ना मोठ्या मनाचे भाषण केले. मालकिणीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. ह्या खेपेला मी तो रिकामा केला.

ती गाडी अजून आमच्या दारात आहे. सकाळी चालू केली की टकटक करते. पाहुणे म्हणतात, "गाडी वाजते हो तुमची." मी म्हणतो, "वाजू द्या."